खडबडासुर बरा झाला

१९५३ सालच्या श्रावणात, शेवटच्या सोमवारी दुपारी, भालकी तालुक्यातील मेहकर या गावी निवृत्तीअप्पांच्या ओसरीवर खडबडासुर नावाचा राक्षस बरा झाला. त्या वेळी साठेक माणसे हजर होती. त्या दिवशी त्याला मारायचे ठरले होते. निवृत्तीअप्पांच्या घरी त्यासाठी सकाळपासून पुरण शिजत होते.

या घटनेमुळे निवृत्तीअप्पांची मुलगी कस्तुरा हिची सोयरीक अडली. राक्षस ज्या पुस्तकात होता ते माझ्या ताब्यातले होते आणि ते तपासून घेतल्याची सही माझी होती.

मी तेव्हा हैदराबाद राज्यातल्या एका सरकारी फिरत्या वाचनालयात कारकून होतो. फिरते वाचनालय म्हटले की मोटार डोळ्यांपुढे येते. आमच्याकडे पत्र्याच्या पेट्या होत्या. एका पेटीत पन्नासच्या आसपास पुस्तके असत. मराठी, कानडी आणि उर्दू. गाव पाहून प्रमाण कमीजास्त. पेटी बिदरहून मोटारीच्या टपावर चढायची, फाट्यावर उतरायची आणि तिथून बैलगाडीने गावात जायची. गावातला एखादा दुकानदार किंवा गुरुजी ती दोन महिने सांभाळायचा. मग ती पुढच्या गावाला जायची. पेटी पोचवणे, परत आणणे, पुस्तके मोजणे, सुटलेली पुस्तके जिल्दसाजाकडे बांधायला देणे आणि कोणते पुस्तक किती वेळा गेले याचा तक्ता करणे, एवढे माझे काम.

तक्त्यावरून एक गोष्ट पहिल्याच वर्षी स्पष्ट झाली. ज्या पुस्तकात राक्षस होता ते जात होते. ज्यात नव्हता ते पेटीच्या तळाशी राहत होते. गावात पेटी उघडली की पहिला प्रश्न "राक्षस हाय का?" हाच असे. उर्दू वाचणारे देव आहे का म्हणून विचारत. त्यांच्या पुस्तकांत राक्षसाला देव म्हणतात, त्यामुळे सुरुवातीला माझे दोन तक्ते चुकले. सहकारी शेतीवरचे एक पुस्तक दोन वर्षांत एकदाच गेले, तेही मुखपृष्ठावरचा ट्रॅक्टर वाचकाला राक्षस वाटल्यामुळे. त्याने ते तिसऱ्या दिवशी परत केले आणि फसवणूक झाल्याची तक्रार केली.

औरादकडच्या एका निवृत्त जमादारांनी तर राक्षसाचे पुस्तक हिशेब जुळत नाही म्हणून परत आणले होते. राक्षसाने अख्खे नगर खाल्ले, पण पुस्तकभर तो कुठेही पाणी पीत नाही, असे त्यांचे म्हणणे. "एवढं खाल्ल्यावर मानूस पानी मागतंय का न्हाई? मग हा तर राक्षस हाय," असे म्हणून त्यांनी ही उणीव शेऱ्याच्या रकान्यात नोंदवायला लावली. मी 'पाणी नाही' असे लिहिले. पुढे सहा महिने त्या गावाकडून विहिरीच्या अर्जाची चौकशी होत राहिली.

भालकीजवळच्या एका बाईंना वाचता येत नव्हते, पण त्या एकच पुस्तक पुन्हा पुन्हा नेत. त्यात चोविसाव्या पानावर राक्षसाचे चित्र होते. ते समोर धरले की त्यांचे पोर घास घ्यायचे. पेटी पुढच्या गावाला हलली तेव्हा त्या पोराला कडेवर आणि भाताची ताटली हातात घेऊन पेटीमागून चालत आल्या. नियमाप्रमाणे पान फाडून देता येत नव्हते. मी पुस्तक हरवल्याचे लिहिले.

आता मेहकरचे.

त्या भागात श्रावणात पोथी लावतात. ज्याच्या घरी लागते तो यजमान. रोज दुपारी वाचन होते, महिनाभर चालते आणि शेवट वधाने होतो. वधाच्या दिवशी यजमान पुरणपोळीचे जेवण घालतो. नियम एकच आहे आणि तो सगळ्यांना माहीत असतो: ज्या घरात राक्षस पोथीतून आला त्या घरच्यांसमोर तो पोथीतून मेला पाहिजे. तो मरेपर्यंत त्या घरात सुपारी फुटत नाही, मुहूर्त धरला जात नाही, नवे काहीच सुरू होत नाही. सुपारी फोडणे म्हणजे दोन्हीकडच्या लोकांनी बसून सोयरीक पक्की करणे.

त्या वर्षी मेहकरची पोथी वाळवीने खाल्ली होती. आमची पेटी गावात बसप्पा शेट्यांच्या दुकानात होती. वाचन करणारे व्यंकट गुरुजी दुकानात गेले आणि ज्यात सर्वांत मोठा राक्षस होता ते पुस्तक घेऊन आले. पुस्तकाला मुखपृष्ठ नव्हते, त्यामुळे लेखक कोण ते नोंदवता आले नाही. राक्षसाचे नाव खडबडासुर. त्याला तीन डोकी होती. पहिले खायचे, दुसरे घोरायचे आणि तिसरे ज्याला खायचे त्याची आधी माफी मागायचे. "क्षमा असावी, आपले नाव काय?" असे ते विचारी.

महिनाभरात गाव या तिसऱ्या डोक्याच्या बाजूने झुकले होते. राजपुत्राचे सैन्य राक्षसाला शोधताना उभ्या पिकातून जाते, असे एका अध्यायात होते. त्या दिवसापासून राजपुत्राविषयी कोणी चांगले बोलत नव्हते. "राक्षस खातंय तरी इचारून," बसप्पा म्हणाले. "ह्यो घोडी घालायलाय तुरीत अन् वर पराक्रम म्हन."

पण वध व्हायला हवा होता. कस्तुराची सोयरीक कल्याणीजवळच्या मंठाळ गावच्या माणिकरावांच्या मुलाशी ठरत आली होती. भाद्रपदाच्या पहिल्या पंधरवड्यात माणिकराव सुपारी फोडायला येणार होते. दुसरा पंधरवडा पितरांचा. त्यात असले काही करत नाहीत. माणिकरावांकडे निलंग्याकडची आणखी एक मुलगी सांगून आलेली होती, हेही मेहकरला माहीत होते.

सोमवारी दुपारी गुरुजींनी एकशे बाराव्या पानाची शेवटची ओळ वाचली. "तेव्हा खडबडासुराने तिन्ही तोंडे उघडली आणि". ते समोरच्या पानावर गेले. "आतून नीट तपासावे. जिभेवर फोड दिसल्यास तुरटीच्या कोमट पाण्याने दिवसातून दोनदा धुवावे."

व्यंकट गुरुजी वाचताना थांबत नसत. वाचणारा थांबला की ऐकणारा उठतो, हे त्यांचे तत्त्व होते. ते पुढे वाचत राहिले.

"कुनी धुवावं?" बसप्पांनी विचारले.

"राजपुत्रानं," गुरुजी मान वर न करता म्हणाले.

"मारायच्या आधी आंघूळ घालत्यात व्हय?" एका म्हातारीने शेजारणीला विचारले.

"घालत्यात की. बोकडाला न्हाई का घालत?"

शंका मिटली. गुरुजींनी सोळा पाने वाचली. राक्षसाला इतर जनावरांपासून वेगळे बांधण्यात आले. त्याच्याखाली कोरडे गवत पसरण्यात आले. त्याला कोंड्याची पातळ आंबील देण्यात आली. खुरांना डांबर लावावे, असे आले तेव्हा मागून कोणी तरी म्हणाले, "खुरं हायत का त्याला?" त्यावर निवृत्तीअप्पा म्हणाले, "असतील. सगळे डोकीच मोजायलाव, खाली कुनी बगितलं?"

शेवटचे वाक्य असे होते: "याप्रमाणे सात दिवस केल्यास जनावर पूर्ण बरे होऊन कामास लागते." गुरुजींनी पुस्तक मिटले आणि सवयीने हात जोडले. बाकीच्यांनीही जोडले.

मग दारात उभी असलेली कस्तुरा म्हणाली, "गुरुजी, म्हंजी बरा झाला का त्यो?"

"तसंच लिवलंय, बाई."

"अन् कामाला लागला?"

"व्हय."

"कुनाच्या?"

गुरुजींनी पुस्तक पुन्हा उघडून पाहिले. याविषयी त्यात काही नव्हते.

पुरणपोळ्या झाल्या होत्या, त्या वाया जाऊ नयेत म्हणून खाल्ल्या गेल्या. पण जेवण वधाचे धरायचे नाही, असे ठरले. गुरुजींनी राक्षसाला मनाने मारून दाखवण्याची तयारी दाखवली. निवृत्तीअप्पांनी ते मान्य केले नाही. "छापून बरा झालाय त्यो. तोंडी मारल्याला चालंना. छापीलच पायजे."

चौथ्या दिवशी मंठाळहून माणिकरावांचा सांगावा आला. "तुमच्या घरात धडधाकट राक्षस हाय म्हनं. आदी त्याला मारा, मग सुपारीचं बगू. तंवर मी शिव वलांडत न्हाई."

मी शुक्रवारी मेहकरला पोचलो ते दुसऱ्या कामासाठी. पेटी पुढे न्यायची होती. बसप्पांनी मला दुकानातच गाठले. "या, कारकूनसाब. आमच्या लिंगायतांत हे असलं काई धरत न्हाईत म्हना, पर गावात राह्याचं तर ऐकावं लागतंय. तुमचा राक्षस मारून द्या, मग पेटी न्या. निवृत्तीअप्पा पेटीवर बसलाय."

ते खरे होते. निवृत्तीअप्पा पेटीवर बसले होते.

मी पुस्तक उघडले आणि एकशे तेराव्या पानापासूनचा कागद निराळा असल्याचे एका मिनिटात लक्षात आले. पाने मी मोजली होती, वाचली नव्हती. ही चूक माझी आणि ती मी कचेरीला त्याच दिवशी कळवली. अहवालात लिहिले: "मौजे मेहकर येथील राक्षस वधाऐवजी बरा झाल्याने एक विवाह थांबला आहे. सदर राक्षस अद्याप जिवंत असून पेटी अडकली आहे. मार्गदर्शन व्हावे." आमचे साहेब मराठी वाचत नसत. हेडक्लार्कने अहवालाचे इंग्रजी केले. उत्तर दहा दिवसांनी आले. त्यात राक्षसाचा अनुक्रमांक विचारला होता आणि जनावर सरकारी असल्यास पशुवैद्यकाकडे पाठवावे, असे सांगितले होते.

उत्तराची वाट न पाहता मी गुलबर्ग्याला गेलो. पुस्तके बांधण्याचे काम तिथले चाँदसाब जिल्दसाज करत. छापखान्यात सोळा पाने एकाच मोठ्या कागदावर छापून त्याची घडी करतात. त्या घडीला फर्मा म्हणतात. फर्मे क्रमाने रचून शिवले की पुस्तक होते. पावसाळ्याच्या तोंडाला पेटीत पाणी जाऊन दोन पुस्तकांची शिवण सुटली होती. दोन्हींचा आकार सारखा होता आणि पानेही एकशे अठ्ठावीसच होती. एक खडबडासुराचे, दुसरे गुरांच्या रोगांचे. चाँदसाब उर्दू वाचत. देवनागरीतले त्यांना फक्त आकडे येत. त्यांनी दोन्ही पुस्तके आकडे पाहून लावली होती.

मी त्यांच्यापुढे पुस्तक ठेवले. त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत आकडे तपासले.

"एक से एक सौ अट्ठाईस. बीच में गडबड हैच नईं. क्या हुआ साब?"

"राक्षस बरा झाला," मी सांगितले.

"अच्छा हुआ ना फिर," चाँदसाब म्हणाले. "बीमार था क्या?"

म्हणजे खडबडासुराचा वध गुरांच्या रोगांच्या पुस्तकात होता. ते पुस्तक कोणत्या पेटीत गेले हे पाहायला मी बिदरला येऊन नोंदवही काढली. पेटी मंठाळला होती. पुस्तक पोळ्याच्या दिवशी एका वाचकाने नेले होते. वाचकाचे नाव माणिकराव.

भाद्रपद शुद्ध अष्टमीला मी मंठाळला गेलो. माणिकराव गोठ्यात होते. उंच, मिशांना तेल लावलेले, बोलताना समोरच्याऐवजी बैलाकडे पाहणारे गृहस्थ. प्रौढांच्या वर्गात ते त्याच वर्षी वाचायला शिकले होते. पुस्तक त्यांनी धोतराच्या सोग्यात बांधून ठेवले होते. मी येण्याचे कारण सांगायच्या आधी त्यांनी बैल दाखवला.

"ह्यो बगा, हौशा. पोळ्याच्या दिशी बसला तर उठंना. घास न्हाई, पानी न्हाई. मी पुस्तक आनलं, वाचाय बसलो. एकेक अक्षर लावत लावत. आता बगा कसा हुबा हाय."

"पुस्तकात काय होते?"

त्यांनी सोगा सोडून पान काढले आणि बोट ठेवून वाचले. एकशे बारावे पान असे संपत होते: "बसलेले जनावर उठत नसेल तर त्याचे तोंड उघडावे आणि". एकशे तेरावे असे सुरू होत होते: "आकाश हादरेल अशी डरकाळी फोडली."

"मग?" मी विचारले.

"मग काय? तोंड उघडलं अन् फोडली."

"बैलाच्या तोंडात?"

"मग कुठं? लिवलंय की. शेजारचे लोकं पळत आले."

पुढे राजपुत्र राक्षसाच्या डाव्या कानात तीनदा शंख फुंकतो आणि साधूने दिलेला गूळ, सुंठ व ओव्याचा लाडू त्याच्या मधल्या तोंडात टाकतो. माणिकरावांनी देवळातला शंख आणून डाव्या कानात तीनदा फुंकला. हौशाला एकच तोंड असल्याने लाडू त्यातच घातला. प्रतिपदेला सकाळी लाडू दिला, संध्याकाळी बैल उठला. बैल उठल्यावर पुढे वाचायची गरज राहिली नाही. दोन पाने वाचायला त्यांना तसाही अर्धा दिवस लागला होता.

मी त्यांना सांगितले की हे औषध नाही, मेहकरच्या राक्षसाचा वध आहे आणि तो बांधणीत चुकून इकडे आला आहे.

"कसं शक्य हाय? सरकारी पुस्तक हाय. वर शिक्का बगा."

"शिक्का आहे. पण गुरांच्या पुस्तकात राजपुत्र कशाला येईल, माणिकराव?"

त्यांनी थोडा विचार केला. "नवा डाक्टर असंल. राज्य बदललं की आता. पैलं वतनदार हुते, आता राजपुत्राला बी नोकरी करावंच लागतंय."

मी पुस्तक मागितले. त्यांनी ते सोग्यात परत बांधले. पंधरा दिवसांची मुदत संपली नव्हती आणि नियमाने ते त्यांच्याकडे राहू शकत होते. बैल पुन्हा बसला तर काय, असे त्यांनी विचारले. ती पाने मीही तेव्हा पुढे वाचली नाहीत. वाचायला हवी होती.

बोलणे संध्याकाळपर्यंत चालले. शेवटी असे ठरले की पुस्तक माणिकरावांच्या हातातून सुटणार नाही. ते स्वतः मेहकरला येऊन वाचतील. पण राक्षस जिवंत असलेल्या गावात ते पाऊल टाकणार नव्हते. म्हणून शिवेच्या दगडाबाहेर गाडी उभी करायची, त्यांनी गाडीत बसून वाचायचे आणि मेहकरच्या लोकांनी दगडाच्या आत बसून ऐकायचे. वध झाला की दगड ओलांडून आत यायचे आणि सुपारी फोडायची. हौशाला ताण नको म्हणून गाडीला भावाचे बैल जुंपायचे ठरले.

दशमीला दुपारी दोनच्या सुमाराला हे वाचन सुरू झाले. दगडाच्या आत घोंगड्या आणि पोती टाकून बसलेली माणसे शंभरावर होती. निवृत्तीअप्पांनी पुरण पुन्हा शिजवले होते. गुरुजींना वाचायला मिळत नसल्याने ते थोडे बाजूला, पाठ करून बसले होते. कस्तुरा बायकांत पुढे होती. तिला गुरुजींनी चार इयत्ता शिकवले होते.

माणिकराव गाडीच्या साटीवर उभे राहिले. एकशे तेरावे आणि चौदावे पान त्यांनी घडाघडा वाचले. ते त्यांना आता पाठ होते. डरकाळी त्यांनी प्रत्यक्ष फोडून दाखवली. भावाचे बैल बुजले आणि गाडी मंठाळच्या दिशेने वीसेक पावले गेली. ती परत आणून लावली.

एकशे पंधराव्या पानावर त्यांचा वेग उतरला.

"ला-डू... पो-टा-त... जा-ता-च... रा... रा..."

"राक्षसाला," कस्तुरा दगडाच्या आतून म्हणाली. "त्यो क्ष हाय, मामा."

"दिसायलंय मला, बाई. मी दम घ्यायलो हुतो."

"घ्या, घ्या."

"राक्षसाला... ब-रे... वा-ट-ले."

आत कुजबुज झाली. "परत बरा व्हायलाय," म्हातारी म्हणाली. "ह्यो काय मरत न्हाई."

"गप बसा गं," निवृत्तीअप्पा म्हणाले. "वाचा पावनं, वाचा."

"तो उ-ठ-ला. चा-ल-ला. पा-णी... प्या-ला." माणिकराव थांबले आणि समाधानाने सगळ्यांकडे पाहिले. "बगा. आमचा हौशा बी अस्साच. उठला, चालला, पानी प्याला. शब्दान् शब्द खरा हाय."

"फुडं, मामा," कस्तुरा म्हणाली.

"अ-क-रा-व्या... दि-व-शी... तो... ग-त... ग-त-प्रा-ण... झा-ला." त्यांनी बोट तिथेच ठेवून वर पाहिले. "गतप्राण म्हंजी?"

"मेला," कस्तुरा म्हणाली.

"कोन मेला?"

"राक्षस."

"कशानं?"

"लाडू खाऊन."

"कंचा लाडू?"

"आताच वाचलाव की, मामा. गूळ, सुंठ, ववा."

माणिकरावांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "पाडवा, दुज, तीज..." दशमीपर्यंत आल्यावर त्यांचा हात थांबला. "उद्या अकरावा," ते म्हणाले. त्यांनी पुस्तक सोग्यात कोंबले, साटीवर खाली बसले आणि गाडी वळवली.

"अवो पावनं! सुपारी!" निवृत्तीअप्पा दगडापर्यंत धावले.

"बैल मेल्यावर कसली सुपारी?" गाडीतून उत्तर आले. "तुमच्या राक्षसाचं औषद खाऊ घातलंय मी त्याला!"

गाडी दिसेनाशी झाल्यावर दगडापाशीच बैठक झाली. मुद्दा एकच होता: वध झाला की नाही. पुस्तकाची तेरा पाने वाचायची राहिली होती. व्यंकट गुरुजी पाठ करून बसले होते, ते आता वळले. 'गतप्राण झाला' हे शब्द छापील पुस्तकातून, मेहकरच्या लोकांच्या कानावर, मोठ्याने पडले आहेत. पुढच्या पानांत फार तर राज्याभिषेक असेल, तो ऐकलाच पाहिजे असे नाही, असा त्यांनी निर्णय दिला. एका माणसाने तिसऱ्या डोक्याविषयी विचारले. ते शेवटी काय म्हणाले, हे वाचायचे राहिले होते. "क्षमा असावी म्हनलं असंल," बसप्पा म्हणाले. हे मान्य झाले आणि लोक जेवायला गेले.

निवृत्तीअप्पा जेवले नाहीत. राक्षस मेला होता, पण आता बैल मेला तर सोयरीक निलंग्याला जाणार, हे उघड होते. एकादशीचा दिवस मेहकरमध्ये एका बैलाची वाट पाहण्यात गेला. मंठाळकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याला थांबवून विचारण्यात आले. कोणालाच काही माहीत नव्हते. द्वादशीला कस्तुराने मला विचारले, "कारकूनसाब, तुमच्या पुस्तकातलं औषद लागू पडतंय का?" कोणत्या पुस्तकातले, असे मी विचारले. ती म्हणाली, "तेच तर कळंना." मग शेंगा निवडायच्या आहेत म्हणून ती आत गेली.

त्रयोदशीला सकाळी निवृत्तीअप्पा, गुरुजी, बसप्पा आणि मी शिवेच्या दगडापाशी होतो. दहाच्या सुमाराला वळणावर एक गाडी दिसली. डावीकडचा बैल कोण ते लांबून कळत नव्हते. जवळ आल्यावर कळले. शिंगांना पोळ्याचा हिंगुळ आता नव्याने लावला होता आणि कानात कापसाचे बोळे होते. माणिकराव साटीवर ताठ बसले होते. सोग्यातले पुस्तक त्यांनी काढून माझ्या हातात दिले आणि कासरा सैल सोडला. हौशाने दगड ओलांडला तेव्हा साडेदहा वाजले होते.